सशांचं वजन

"फेकायचा डबा कुणी साबणानं घासतं का गं?" दारात पाऊल टाकता टाकता विस्तीननं विचारलं.

त्याच्या बायकोनं, पावलीनानं, मान वर केली नाही. अंगणातल्या दगडी कुंडीपाशी बसून ती सार्डिन माशांचा रिकामा डबा घासत होती, आणि अशी घासत होती की जणू संध्याकाळी त्यातून पाहुण्यांना कॉफीच द्यायची आहे. आणखी दोन डबे शेजारी उपडे घालून वाळत ठेवले होते. कचऱ्याची बादली तर इतकी लखलखत होती की विस्तीनला तिच्यात आपलं तोंड दिसलं. रविवारची दुपार, कुणी कामाला हात लावायचा नाही असा रिवाज, आणि ही बाई कचरा धुत बसलेली!

"उद्यापासून तो इंग्रज आपल्या गल्लीचा कचरा बघणार आहे," ती म्हणाली. "तेलानं बरबटलेला डबा त्याच्या हातात जाऊ देऊ? लाजेनं मरून जाईन मी."

"अगं, तो कचराच बघायला आलाय. भांडी नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं? तू बावीस वर्षं उकिरड्यावर बसतोयस. आम्हाला चार बायकांत बसावं लागतं."

हा टोमणा विस्तीनला नवा नव्हता. गावाबाहेरच्या सरकारी उकिरड्यावर गाड्यांचा मोठा वजनकाटा होता आणि त्या काट्यावर विस्तीन होता. कचऱ्याची गाडी आली की भरलेलं वजन लिहायचं, ओतून रिकामी झाली की रिकामं वजन लिहायचं, आणि संध्याकाळी पानाखाली सही करायची. बस, एवढीच नोकरी. वाइनच्या दुकानात तो शिरला की माणसं हळूच बाक बदलायची. घरून आंघोळ करून गेला तरी बदलायची. पण एक गोष्ट शत्रूनंसुद्धा मान्य केली असती. बावीस वर्षांत विस्तीननं खोटं वजन लिहिलं नव्हतं. युद्धात आकाशातून बॉम्ब पडत होते, गाड्यांतून कचऱ्याऐवजी पडक्या घरांचे चिरे येत होते, तेव्हाही हा बाबा काट्याचा दांडा स्थिर होईपर्यंत थांबायचा आणि मगच लिहायचा. एका ठेकेदारानं दोन बाटल्या पाठवल्या होत्या; त्या त्यानं बुचासकट परत पाठवल्या. गावात प्रत्येक घराण्याला टोपणनाव असतंच. विस्तीनच्या घराण्याचं जुनं नाव लोक विसरले आणि त्याला 'तराजू' म्हणायला लागले.

आता या गोऱ्या पाहुण्याचं प्रकरण असं होतं. माल्टात दगड उदंड आणि माती बेताची. शेतकऱ्याला खत मिळेना. तेव्हा सरकारच्या मनात आलं, की शहराच्या कचऱ्याचं खत करणारा कारखाना काढावा. मनात आलं खरं, पण यंत्र केवढं घ्यायचं, कुठलं घ्यायचं, हे इथं कुणाला ठाऊक? गव्हर्नरच्या कचेरीतून लंडनला पत्र गेलं. लंडनहून इंजिनिअर आला, ऑर्मरॉड नावाचा. उंच, वाकलेला, तोंडात कायम विझलेला पाइप. त्यानं आल्या आल्या सांगितलं, "आधी तुमचा कचरा दाखवा. दोनशे घरांचा, सहा दिवसांचा. त्यात कुजणारं किती, राख किती, काच किती, सगळं वेगळं करून तोला. त्या कागदावर तोलणाऱ्याची सही हवी. मग मी सल्ला देतो."

इथपर्यंत सगळं रीतसर होतं. घोळ घातला तो दुन श्मून या आमच्या पाद्र्यानं, आणि तोही चांगल्या मनानं. रविवारच्या प्रार्थनेत त्यानं जाहीर केलं, "बायांनो, सरकारचा पाहुणा तुमच्या बादल्यांत डोकावणार आहे. गावाची अब्रू तुमच्या हातात आहे."

झालं! निवडलेल्या गल्ल्या दोन, सांता कातरीना आणि सान जुझेप. या दोन गल्ल्यांचं दारूकामावरून, बँडवरून, संताच्या मूर्तीच्या उंचीवरूनसुद्धा तीन पिढ्या वैर. आता त्यात कचरा आला.

*

सोमवारी सकाळी कचरागाडीवाल्या नेनूची गाडी काट्यावर चढली तेव्हा नेनू घामाघूम होता आणि त्याचं खेचर त्याहून.

"विस्तीन, चढावर हे माझं लेकरू तीनदा थांबलं रे. काय घालतायत या बायका बादल्यांत? शिसं?"

विस्तीननं वजन घेतलं. या दोन गल्ल्यांचा कचरा रोज पावणेचारशे रत्तल भरायचा, पाचपंधरा इकडंतिकडं. आज सव्वासहाशे. त्यानं काटा पुसला, पुन्हा तोललं. तेवढंच भरलं.

गाडीतल्या बादल्या एकेक करून ओतल्या आणि चार माणसं निवडायला बसली. काय काय निघालं म्हणता! संत्र्यांची सालं, आर्टिचोकची हिरवीगार पानं, बाकल्याच्या शेंगांची टरफलं, कोबीची बाहेरची पानं, माशांची डोकी. एका बादलीत तर लॉबस्टरचं कवच. बंदरावरच्या आरमारी अधिकाऱ्याकडं स्वयंपाक करणारी एक भाची सान जुझेप गल्लीत कुणाला तरी होती, तिची ती कृपा. डबे सगळे चकचकीत. बाटल्या धुतलेल्या. आणि नेहमी अर्धी गाडी भरणारी ती पांढरी पूड, आमच्या मऊ दगडाच्या भिंती झडतात आणि बायका दिवसातून तीनदा झाडतात ती, ती कुठं दिसेचना. तिला बायकांनी घरातच कोपऱ्यात पोत्यात भरून ठेवलं होतं. पाहुण्याला काय धूळ दाखवायची?

ऑर्मरॉडसाहेबानं बाह्या वर सरसावल्या आणि दोन्ही हात त्या ढिगात घातले. पोर वाळूत खेळावं तसा खूश झाला.

"मिस्टर विस्तीन," तो म्हणाला, "मी सात देशांत कचरा पाहिला. असा पाहिला नाही. हे तर सोनं आहे!"

विस्तीनला बंदरावर शिकलेलं कामापुरतं इंग्रजी येत होतं. तो "यस सर" म्हणाला. त्याच्यासमोर हाडांची रास होती. सहा वेगवेगळ्या घरांच्या बादल्यांतून निघालेली कोंबडीची हाडं. एकीत मान, एकीत दोन तंगड्या, एकीत छातीचं हाड. विस्तीननं ती फळीवर जोडून पाहिली. एकच कोंबडी होती. सहा घरांनी वाटून घेतली होती, म्हणजे साहेबाला वाटावं, की बघा, सांता कातरीना गल्लीत घरोघर कोंबडी शिजते.

हसावं की रडावं ते त्याला कळेना. त्यानं हाडं पुन्हा मिसळून टाकली.

गुरुवारी खात्याचे अधिकारी सुर फ्रेंडो आले. पांढरा सूट, हातात छडी, नाकाला रुमाल. हा आमचाच माणूस, पण सरकारात चढला आणि त्याच्या मानेत काठी शिरली. त्यानं आकडे पाहिले: शंभरात बासष्ट भाग कुजणारा माल. त्याचा चेहरा असा उजळला की रुमाल नाकावरून खाली आला.

"मी वर लिहूनच दिलं होतं, साठ!" तो म्हणाला. "आता चार मोठी यंत्रं. विस्तीन, तुझं भाग्य उघडलं बघ. कारखान्यात मुख्य तोलणारा म्हणून तुझं नाव मी घातलंय. वर राहायला सरकारी घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वयंपाकघरात नळ. सोमवारी दहा वाजता व्हॅलेटाला कचेरीत ये आणि तेवढी सही ठोक."

"सुर फ्रेंडो," विस्तीन चाचरत म्हणाला, "हा कचरा नेहमीचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... एरवी यात एवढं काही नसतं."

"तू तोललंस की नाही?"

"तोललं."

"काट्यानं दाखवलं तेच लिहिलंस की नाही?"

"लिहिलं."

"मग झालं! तू तोलायचं. विचार करायला लंडनहून माणूस आणलाय."

बोलणं बिनतोड होतं. वजन खरं होतं, लिहिलेलं खरं होतं, आणि सगळं मिळून शुद्ध खोटं होतं. बावीस वर्षांत असा पेच विस्तीनवर आला नव्हता. सही करावी तर चार यंत्रं येणार आणि त्यांच्या पोटात घालायला राख आणि दगडाची पूड. सरकार हात झटकून निघून जाणार, शेतकरी खतावाचून बसणार, आणि कागदावर नाव कुणाचं? याचं. सही न करावी तर साहेब विचारणार, का? आणि मग गल्लीतल्या बायकांचं सोंग चव्हाट्यावर मांडायचं. तेही एका परक्यासमोर, त्यात पहिली बादली स्वतःच्या बायकोची.

*

विस्तीन त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट करत होता. कुणी सांगितली नव्हती. सवय, दुसरं काय.

आमच्याकडं घर म्हटलं की गच्ची, आणि गच्ची म्हटली की सशांचं खुराडं. चार-पाच ससे, दोन-तीन कोंबड्या. भाजी चिरली की साल वर, पाव उरला की वर, टरफलं वर. बादलीत जायला उरतं काय? सोमवारी संध्याकाळी विस्तीन गच्चीवर गेला तेव्हा ससे जाळीला तोंड लावून उभे होते आणि खाली पावलीना संत्र्याची सालं बादलीत नीट रचत होती, रंग दिसेल अशी. त्यानं भाजीचा हातकाटा घेतला, एकेका सशाला टोपलीत घालून तोललं आणि पेन्सिलीनं भिंतीवर लिहून ठेवलं. मग रोज तोललं. शनिवारपर्यंत मोठा करडा ससा साडेचार रत्तलांवरून पावणेचारवर आला.

"मारतेस तू त्यांना," तो शनिवारी खाली येऊन म्हणाला.

"एक आठवड्यानं कुणी मरत नाही." पावलीनानं सूप ढवळता ढवळता म्हटलं. "आणि समोरची चेन्सा? तिच्या बादलीत सहा आर्टिचोकची पानं होती. सहा! तिच्या सशांनी काय पाप केलंय मग?"

"सोमवारी सही करायची आहे मला."

"मग कर ना!" ती गर्रकन वळली. "कर आणि मोकळा हो. नळ आहे म्हणालास ना त्या घरात? मी पस्तीस वर्षं कोपऱ्यावरून पाणी वाहतेय, विस्तीन. गुडघे गेले माझे. तुला काट्याची दया येते, सशाची येते. माझी कधी येते का?"

तिचं एक अक्षर खोटं नव्हतं. तो बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, करावी सही. एकदाच तर करायची आहे. त्याचं त्यालाच मग इतकं वाईट वाटलं, की तो जेवायला आत गेलाच नाही.

रविवारी सकाळी पावलीना प्रार्थनेला निघण्याआधी गच्चीवर गेली, अंडी आणायला. विस्तीन खाली बुटाच्या नाड्या बांधत होता. वरून हाक आली नाही, आरडाओरडा झाला नाही. पण ती खाली येईना. तेव्हा तो वर गेला.

ती खुराड्यापुढं जमिनीवर बसली होती, चांगला काळा झगा धुळीत. पांढरी मादी तीन दिवसांपूर्वी व्यायली होती, सात पिल्लं. आता पाच होती. भुकेल्या मादीनं दोन खाल्ली होती, आणि कोपऱ्यात अंग चोरून थरथरत बसली होती.

"मी तिच्या तोंडचं काढलं," पावलीना म्हणाली. "आईच्या तोंडचं काढलं, विस्तीन. कशासाठी? एका गोऱ्याला संत्र्याची सालं दाखवायला."

ती रडायला लागली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी. विस्तीन तिच्याशेजारी बसला. त्याला सांत्वन करता यायचं नाही. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "ते भिंतीवरचं काय लिहिलंयस?"

"वजनं."

"कागदावर उतर ते. उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"कुठं?"

"व्हॅलेटाला. तू दुसऱ्या बायकांची नावं घ्यायचा नाहीस, माहीत आहे मला. माझी मी सांगेन."

"आणि नळ?"

"गेला खड्ड्यात नळ!" पावलीना म्हणाली, आणि उठून घरातली सगळी टरफलं, परवाचा पाव आणि सुपासाठी आणलेला अख्खा कोबी वर घेऊन आली.

*

कचेरीत टोपली घेऊन शिरायला शिपाई देईना. "आत काय आहे?" "कागदपत्रं," पावलीना म्हणाली आणि त्याला बाजूला सारून जिना चढली.

लांब टेबल. एका टोकाला ऑर्मरॉडसाहेब, दुसऱ्या टोकाला सुर फ्रेंडो, मध्ये दोन कारकून आणि सहीचा कागद. विस्तीन या खोलीत कधी आला नव्हता. इथं येणारे कागद तेवढे त्याचे असत.

"उशीर केलास," सुर फ्रेंडो म्हणाले. "इथं कर सही. आणि ही बाई कोण?"

"माझी बायको. आणि हा," असं म्हणून विस्तीननं टोपलीचं झाकण काढलं आणि करड्या सशाला उचलून सरकारी टेबलावर ठेवलं.

एक कारकून खुदकन हसला. सुर फ्रेंडोंचा चेहरा लालबुंद झाला. "हा काय चावटपणा आहे? मंडई वाटली तुला?"

विस्तीननं खिशातून आपला कागद काढला आणि सहीच्या कागदाशेजारी ठेवला. मग तो साहेबाकडं वळून, शब्द शोधत शोधत, इंग्रजीत बोलला. "साहेब, सोमवारी हा ससा साडेचार रत्तल. शनिवारी पावणेचार. इकडं गाडी बघा, तिकडं ससा बघा. गाडी रोज जड, हा रोज हलका."

साहेबानं पाइप तोंडातून काढला. दोन्ही कागद पाहिले. भुवया वर गेल्या, पण डोक्यात प्रकाश पडलेला दिसेना. तेवढ्यात ससा टेबलावरून पुढं सरकला. गेल्या आठवड्याची भूक एका कोबीनं थोडीच भागते! त्यानं समोर जे होतं त्याला तोंड लावलं, आणि जे होतं तो सहीचा कागद होता. शंभरात बासष्ट लिहिलेला कोपरा त्यानं कुरतडून मटकावला.

"हाकला त्याला!" सुर फ्रेंडो उठले.

"थांबा," साहेब म्हणाला. तो सशाच्या बरगड्यांवरून हात फिरवत होता. "याला खायला का नव्हतं?"

विस्तीनची मान खाली गेली. तेव्हा पावलीना पुढं झाली, डोक्यावरची काळी ओढणी सारखी केली आणि आपल्या भाषेत ठणकावून म्हणाली, "सांग त्याला, विस्तीन, अक्षर न् अक्षर सांग. ती सालं याची होती. मी याच्या तोंडची काढून सरकारच्या बादलीत घातली. का, तर आम्ही गरीब दिसू नये म्हणून. माझ्या बादलीत एरवी काय असतं ते विचार म्हणावं. राख असते, भिंतीची पूड असते, आणि फुटला तर पेला. माझ्या घरात काही वाया जात नाही. आता लिही म्हणावं काय लिहायचं ते!"

विस्तीननं सांगितलं. ससा अजून कागद चावतच होता.

"ही एक बाई झाली," सुर फ्रेंडो म्हणाले. "घरं दोनशे आहेत."

"बाकीच्यांचं काय, मिस्टर विस्तीन?" साहेबानं विचारलं.

"बाकीच्यांचं मी बोलणार नाही, साहेब. तुम्ही आमच्या गच्चीवर चला."

साहेब टोपी घेऊन उठला. सुर फ्रेंडोंना मागोमाग जावंच लागलं.

आमच्या गावच्या गच्च्या एकमेकींना चिकटून असतात. साहेब वर आला, कठड्याशी उभा राहिला आणि नुसता बघत राहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सांता कातरीना काय आणि सान जुझेप काय, गच्चीगणिक खुराडी. खुराड्यागणिक जाळीला लागलेली तोंडं. आणि गच्चीगणिक बायका, कारण गोरा वर चढला ही बातमी त्याच्याआधी पोचली होती.

"तोंड काळं केलंस गल्लीचं!" समोरून चेन्सा पावलीनावर ओरडली. "कोंबडीचं पण सांगितलंस का गं?"

"तू सांगितलंस की आत्ता!" पावलीनानं परतवलं.

साहेब विस्तीनशी काहीतरी बोलला. दोन वाक्यं असतील. विस्तीननं घसा साफ केला आणि सगळ्या गच्च्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "साहेब म्हणतायत, त्यांच्या देशात निम्मं अन्न बादलीत जातं! म्हणतायत, सात देश फिरलो, पण घर चालवावं ते इथल्या बायकांनी! तुमची बादली रिकामी असते यात लाज कसली, असं विचारतायत! त्यांनी टोपी काढलीय, बघा!"

साहेबानं टोपी वाऱ्यानं उडू नये म्हणून काढली होती. दोन वाक्यांत तो एवढं बोलला असेल असंही वाटत नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा विस्तीननं मापात थोडं जास्त टाकलं होतं, आणि त्याबद्दल त्याला काडीचाही पश्चात्ताप झाला नाही.

चेन्सा कठड्यावरून पुढं वाकली. मग तिच्या शेजारचीनं विचारलं, "खरंच असं म्हणाला?" मग पलीकडचीनं तिच्या पलीकडचीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही गल्ल्यांत नवी स्पर्धा सुरू झाली, कुणाची बादली सर्वांत रिकामी.

आता ही नवीच आफत! साहेबानं शनिवारपर्यंत पुन्हा रोज तोलायचं ठरवलं होतं. पावलीना दारोदार फिरली. गुडघे धरून फिरली, पण एक घर सोडलं नाही. "हे बघ, रिकामी दाखवायची म्हणून पूड पोत्यात लपवू नकोस. गेल्या आठवड्याची पोतीसुद्धा आत्ता काढू नकोस. आजचं आज. जसं आहे तसं." दुन श्मूननं या खेपेला तोंड बंद ठेवलं. त्याला तसं चेन्सानंच बजावलं होतं.

*

दुसऱ्या आठवड्याचा शनिवार. शेवटची गाडी यायची होती. नेनूनं खेचराला सणासुदीचा तुरा बांधला होता, लाल पिसांचा, का ते त्याचं त्याला ठाऊक. पण गाडीत सगळ्या बादल्या नव्हत्या. उरलेल्या मागून चालत येत होत्या. उकिरड्याच्या धुळीच्या वाटेवर पन्नास-साठ बायका, दोन्ही गल्ल्यांतल्या, काळ्या ओढण्या घेतलेल्या, हातात आपापली बादली. ज्या जागेवरून येणाऱ्या माणसाशेजारी गावात कुणी बसत नव्हतं, त्या जागेवर त्या आल्या, आणि एकीनंही नाकाला ओढणी लावली नाही.

चेन्सा पुढं होती. तिनं बादली विस्तीनच्या पायाशी ठेवली. "पूड आहे. राख आहे. एक फुटकी बशी आहे, ती नवऱ्यानं फोडली. आणि काही नाही. घे, तोल."

"सगळ्यांचं मिळून तोलतो, चेन्सा."

"सगळ्यांचं मिळून तोल, पण माझं बघून घे."

विस्तीननं काट्याच्या दांड्याकडं बघायचं निमित्त करून तोंड फिरवलं. पावलीना बायकांत उभी होती आणि त्याच्याकडं अशी बघत होती, की लग्नाच्या दिवशीसुद्धा तिनं तसं पाहिलं नव्हतं.

निवडून झालं. तोलून झालं. रोजचं वजन पावणेचारशेच्या आसपास, आणि शंभरात कुजणारा माल चौदा. बासष्ट नाही, साठ नाही, चौदा.

साहेबानं तिथंच, काट्याच्या खोलीत, आपला सल्ला लिहायला घेतला. मोठा कारखाना नको. चार यंत्रं नकोत, एक लहान पुरे. कचरा आधी चाळायचा, दगडाची पूड वेगळी काढायची, आणि उरलेल्यात शेळ्यांची लेंडी, गाईंचं शेण आणि गटारांचा गाळ मिसळायचा, म्हणजे खत होईल आणि चांगलं होईल. सुर फ्रेंडो दाराशी उभे होते. छडी होती, पण ती फिरत नव्हती.

"लहान कारखान्याला मुख्य तोलणारा लागणार नाही," ते विस्तीनला हळू म्हणाले. "घरही नाही. समजलास ना तू काय केलंस?"

"समजलं, सुर फ्रेंडो," विस्तीन म्हणाला. ते त्याला समजलेलं होतं आणि तरी त्याला इतकं हलकं वाटत होतं, की आपण आत्ता काट्यावर उभे राहिलो तर काटा हलणार नाही.

साहेबानं कागद पुढं ओढला. वरची रेघ इंजिनिअरच्या सहीची, तिच्यावर तसं छापलेलंच होतं. खाली, कडेला, बारीक अक्षरात, तोलणारा. साहेबानं पेन उघडलं, 'इंजिनिअर' हा छापील शब्द खोडला आणि कागद फिरवून विस्तीनसमोर ठेवला.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

"ती जागा तुमची आहे, साहेब."

"आकडा तुमचा आहे."

बाहेर बायका खिडकीला लागल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण वर कुठं आणि खाली कुठं एवढं दिसत होतं. विस्तीननं हात विजारीला पुसले, दोन्ही बाजूंनी पुसले. मग वरच्या रेघेवर, अक्षर न् अक्षर जुळवत, पूर्ण नाव लिहिलं. लंडनच्या इंजिनिअरनं ते वाळेपर्यंत वाट पाहिली आणि खाली, कडेला उरलेल्या जागेत, आपली सही केली.